गोठ्यापुरती बुद्धी

बाबा, राजूरवालीला मी कामावरून काढलं नाही, हे आधी सांगून टाकते. बाकीचं मागून. तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी आम्ही बायकांनी मिळून वणीत ट्रकवाल्यांसाठी खानावळ टाकली. मी तिची अध्यक्ष आहे. हसू नका, चौथी शिकलेली बाईसुद्धा अध्यक्ष होते आता. राजूरवाली आमच्याकडे भाकरीला सगळ्यात चांगली, पण मोठी गॅसभट्टी आणली तेव्हापासून बिघडली. उशिरा यायची, आली की लांब बसून कांदे चिरायची, भट्टी पेटव म्हटलं की उलटं बोलायची. "मी एकटीच हाय का इथं? अध्यक्षबाईचे हात दुखते का?" हे सगळ्यांदेखत. माझं डोकं फिरलं. बाकीच्या म्हणाल्या, एक तर ती राहील नाहीतर आम्ही. पुढच्या बैठकीत तिला काढायचं ठरलं. तिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही हे मला माहीत होतं, तरी ठरलं.

मधेच यवतमाळला बचत गटांच्या अध्यक्षांचं प्रशिक्षण निघालं. मी वैतागूनच एसटीत बसले. तिथल्या मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या. म्हणाल्या, आजचा विषय भावनिक बुद्धिमत्ता. मला वाटलं, झालं, आता दिवसभर जांभया. पण बाई साधं बोलत होती. आपल्या मनात आत्ता काय चाललंय ते ओळखायचं, तोंडातून सुटायच्या आधी ते धरायचं, समोरच्याच्या मनात काय आहे ते त्यालाच विचारायचं, ही पण बुद्धीच आहे म्हणे, आणि माणसं सांभाळणाऱ्याला ती हिशोबाइतकीच लागते. रागाखाली पुष्कळदा भीती बसलेली असते, असंही म्हणाली. आणि हे जन्मतः जेवढं मिळालं तेवढंच राहतं असं नाही, शिकता येतं. बाबा, मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले. आजवर सगळं गाव सांगत आलं, बापाचा राग पोरीत उतरला, आता तो चितेवरच जाईल. आणि ही म्हणते शिकता येतं.

उठलेच होते तर तुमची गोष्ट सांगितली. नवे गोऱ्हे जुवाला शिकवायला लोक तुमच्याकडे आणत, ती. एक गोऱ्हा मानेवर जू आलं की बसकण मारतो. मालक त्याला तुतारीनं, त्या खिळा लावलेल्या काठीनं, टोचतो आहे. तुम्ही तुतारी हिसकून घेता, गोऱ्ह्याच्या खांद्यावर हात ठेवता, त्याचे कान बघता. म्हणता, "अडेल नाई हा. भेला हाय. थांब जरा." मग त्याला नुसतं जू हुंगवत फिरवता, घाई करत नाही, अन् तो चालायला लागतो. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "वडील घरीही असेच होते का हो?" सगळा हॉल हसला. मीही हसले, मग खाली बसले.

घरी तुम्ही असे नव्हते. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात. मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराची चौकट धरून उभी आहे. माय चुलीपाशी, पाठ करून भाकरी थापते आहे. "जातं का नाई?" तुम्ही विचारता. मी हलत नाही. "अडेल हाय कार्टी. नाई जात तं नोको जाऊ, भांडे घास." संपली शाळा. नाल्यावर त्या गावची मोठी पोरं दगड घेऊन उभी राहायची, बाबा. माझे कान कोणी पाहिले नाहीत. हे रागानं लिहीत नाही. उलट इतका आनंद झालाय की हात थांबत नाही. तुमच्याजवळ ती बुद्धी होती. गोठ्यापुरती होती, एवढंच. घरापर्यंत आणायचं काम माझ्या वाट्याला आलं.

वणीला उतरले ती सरळ राजूरवालीच्या दारात. तिनं वरही पाहिलं नाही. "काढाले आली का?"

"नाई. चहा मांड."

तिनं चूल पेटवली. गॅसची शेगडी कोपऱ्यात, वर फडकं टाकलेलं. मी विचारलं, "भट्टीजवळ गेल्यावर तुले काय होते वं?" तिनं चुलीत आणखी एक काडी सारली. मग म्हणाली, "भक्क करते ना ते. लहानपणी माह्या मायचा हात स्टोव्हनं जळला, माह्यासमोर."

"तं मले सांगतलं काहून नाई?"

"तुले सांगाले तं भट्टीपेक्षा जास्त भेव वाटते."

तोंडावर आलेलं उलट उत्तर मी गिळलं. पहिल्यांदाच. चहा झकास होता.

बैठकीत तिनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. एकीनं नाक मुरडलं, "मंग नखरे कायले केले?" मी तिच्यावर ओरडणारच होते. ओरडले नाही, तीच जरा वेळानं म्हणाली, "मले तं लिफ्टचं भेव वाटते." मग काय, जिची तिची भीती बाहेर. आता भट्टी दुसरी बाई पेटवते, राजूरवाली मागच्या चुलीवर भाकरी करते. आज सगळ्यांच्या आधी आली.

एक राहिलं. गावात ट्रॅक्टर झाले, तुमच्याकडे गोऱ्हे येणं थांबलं, तेव्हा तुम्ही भाजीतल्या मिठावरून मायवर, उघड्या दारावरून माझ्यावर ओरडायचे. आम्ही म्हणायचो, स्वभाव. बाबा, तेव्हा तुम्ही कायले भेत होते? हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून विचारते. तुम्ही समोर असते, तर एवढं शिकूनही मला विचारवलं नसतं.