खतातून वाचलेली पुस्तकं

मी हेस्टर पमफ्री, वय एकोणऐंशी, राहणार लिटल विदिंग, श्रॉपशर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. नणंद अगाथा हिला शंका असल्यास तिने मला शब्दकोड्यात हरवून दाखवावं.

१. घर व मागची बाग भाची मेरिएल हिला. बागेत तण आहे, ते मी राखलेलं आहे. गावाच्या बाग मंडळाने त्यावरून पत्रं पाठवल्यास चुलीत घालावीत.

२. माझ्या पुस्तकांबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे. खेड्यात बाग करायला गेलेल्या माणसांनी लिहिलेली, स्वतःच्या फजितीच्या आठवणींची ही पुस्तकं. माझे यजमान विल्फ्रेड भाज्यांच्या प्रदर्शनांत कांद्यांची बक्षिसं मिळवणारे. म्हणायचे, "बागकाम ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे." गेल्या हिवाळ्यात ते इस्पितळात शेवटचे पडले, तेव्हा मी त्यांना एक पुस्तक वाचून दाखवू लागले. त्यातला एक कर्नल दररोज सकाळी बादलीभर गोगलगाई शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे टाकतो आणि शेजारी संध्याकाळी त्याच परत टाकतो. विल्फ्रेड इतके हसले की खाट हलली.

"अगं, हा गाढव थेट माझ्यासारखा आहे! थांबलीस का? वाच पुढे."

मोठी नर्स दटावून गेली, तरी मी वाचत राहिले. अकराव्या दिवशी ते गेले.

दफनानंतर अगाथा म्हणाली, "माझ्या भावाला मरणाच्या दारात खिदळायला लावलंस, वहिनी! जनाची नाही तर मनाची तरी?" आणि चोवीसच्या चोवीस पुस्तकं तिने खताच्या खड्ड्यात लोटली. मी फावडं घेऊन उतरले. एकवीस निघाली, ती काचघरात टोमॅटोंशेजारी वाळवली. कुजलेल्या तिन्हींवर यंदा भोपळे छान आले.

ती एकवीस पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यावीत. डागांबद्दल कुरकुर करू नये.

३. कांद्यांची पदकं अगाथाला. ती भावाची आहेत, तिने जपावीत. मी तिला माफ केलेलं नाही, पण पदकांचा त्यात दोष नाही.

४. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं हसणं मला अकरा दिवस ऐकायला मिळालं. त्याबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही, देवाचीसुद्धा नाही.

सही: हेस्टर पमफ्री

आमच्यासमोर सही केली:
आयव्हर टुडी, चर्चचे घंटावाले
प्रुडन्स गॉफ, पोस्टमास्तरीण

लिटल विदिंग, ९ ऑक्टोबर १९६३