तिसरा कान

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायला बसले की तुझे बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात आणि मध्येमध्ये तोंड घालतात. म्हणून कागद काढला.

आमची अळंब्यांची पाहणी सुरू आहे. दर रविवारी बाग आणि तिच्या मागचं रान. कुठल्या झाडाखाली कुठली अळंबी उगवते, त्याची यादी बागखात्याला हवी आहे. मंडळी तीच: बाबा, मी आणि निवृत्त पोस्टमनकाका. गुडघ्यांच्या नावाने बोंब मारत तिघंही चिखलात बसतो. नियमही बाबांचा तोच. दोघांनी तीच अळंबी आपापली हुंगायची, एकमेकांकडे बघायचं नाही, आणि नाव तिसऱ्याच्या कानात सांगायचं. जुळलं तरच यादीत. लहानपणी तो तिसरा कान तुझा होता. मांडीवर डबा घेऊन आमच्या मध्ये बसायचीस आणि नावं जुळली नाहीत की न्यायाधीशासारखी मान हलवायचीस. बाबा चुकले की तुला कोण आनंद व्हायचा! तू नोकरीसाठी गेलीस आणि ते काम पोस्टमनकाकांकडे गेलं.

यंदा आमचं एकही नाव चुकलं नाही. मी आपली खूश. म्हटलं, उतारवयात का होईना, माझ्या नाकाला अक्कल आली.

पण गेल्या रविवारी भलतंच घडलं. काही अळंब्या चवीवरून ओळखतात, तुला माहीत आहे. कणभर जिभेवर ठेवायचं आणि लगेच थुंकायचं. हे बाबांनी शिकवलं तेव्हा तू आठवडाभर घरभर थुंकत फिरली होतीस. तर त्या रविवारी बाबांनी तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे गिळला. वर आणखी एक तोडायला हात पुढे केला. मी हातावर फटका मारला. नशीब, ती नुसती कडू जात होती, उलट्यांवर निभावलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, मी कशाला गिळेन, तुला काहीतरी भास झाला असेल. मी चिडले, नको नको ते बोलले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. डॉक्टरांचं नाव काढलं की चपला घालून बाहेर पडतात. भीती वाटते गं मला. रानात विषारी अळंब्याही याच दिवसांत उगवतात.

शेवटी पोस्टमनकाकांना गाठलं. म्हटलं, काहीतरी निमित्त काढा आणि पाहणी बंद करा.  ते म्हणाले, वहिनी, यंदा एकही नाव जुळलेलं नाही. बाबांचा मान राखायला ते आपले 'जुळलं' म्हणत होते. यादीतली सगळी नावं माझ्या एकटीची आहेत. बाबा त्यांच्या कानाशी वाकतात ते अळंबीचं नाव सांगायला नाहीच. दर वेळी एकच विचारतात, "ठकू कुठे गेली? आत्ता तर इथेच बसली होती."

माझं त्यांच्यापुढे काही चालत नाही. तुझा निकाल मात्र त्यांनी कधी मोडला नाही. तेव्हा रजा काढून ये. रविवारी आमच्या मध्ये बस, ते कानात काय सांगतात ते ऐकून घे, आणि डॉक्टरांकडे जायचंय हे तूच त्यांना सांग.

तुझीच,
आई