जंतूंचं विरजण

३ मे १९३१, जानेफळ

आजही नळी विटकरी! महिना झाला – गहू बंद, गूळ बंद, आंब्याकडे बघायचं नाही. ज्वारीची भाकरी आणि दोन वेळ आंबट दही. तेही मुंबईहून मागवलेल्या गोळ्यांतल्या जंतूंनी विरजलेलं. हे जंतू आतड्यात ठाण मांडून बसले की मधुमेह हटतो, असं एका मासिकात वाचलं. रोज काचेच्या नळीत, निळ्या औषधात लघवी उकळायची. साखर असली तर रंग विटकरी, नसली तर निळाच राहतो. माझा निळा राहायला तयार नाही.

सौ. म्हणते, "दवाखान्यात जंतू मारतात, आन् तुम्ही गिळून राह्यले."

७ मे

हिनं शेजारच्या अंबूबाईंना विरजण दिलं. आपलं संपलं तेव्हा त्यांच्याकडून परत आणलं! आता त्यात गोळीचे जंतू किती नि गावचे किती? रागावलो. दही ते दहीच, म्हणाली. असेल. पण मग प्रयोग कसला राहिला?

११ मे

सकाळी रांजण पुन्हा कोरडा. मी तर अलीकडे तेवढं पाणी पीतही नाही! भरून ठेवायला काय होतं, म्हणून ओरडलो. ही घागर घेऊन गेली. मागाहून वाईट वाटलं. आजारानं चिडका झालो, की मुळातच तसा?

१२ मे

तीच विटकरी नळी.

१६ मे

खरं लिहायचं तर बुधवारी उत्तमरावांकडच्या लग्नात दोन पुऱ्या खाल्ल्या. पण रंग त्याआधीपासूनचा. चूक कुठे – दह्यात, औषधात, की माझ्यात?

ही सैल झालेली चोळी आत घेऊन शिवत बसली होती. उन्हाळा हिला दरवर्षी बाधतो.

१९ मे

दवाखान्यातले कंपाउंडर फारुखमियाँ ताजी बाटली देऊन गेले. जुनं औषध बिघडलं असेल, म्हणाले. "मास्तर, घरातल्या तंदुरुस्त मानसाचीबी नळी लावून पाहा. तिचाबी रंग बदलला, त दोष औषधाचा."

तंदुरुस्त म्हणजे हीच. विचारलं, तर पदर तोंडाला लावून हसली. पण तयार झाली.

२० मे

ताज्या औषधात माझी नळी निळसर हिरवी. इतक्या दिवसांत प्रथमच! हिची विटकरी. दोनदा करून पाहिलं.

ही दारात येऊन उभी राहिली. "याच्यातली तुमची कोन्ती?"

मी विटकरी नळीकडे बोट दाखवलं.