सरळ जा

सोमवार, १७ नोव्हेंबर

भिंतीवर नुसता खिळा. गॅस बंद केलाय का बघायला मी निघता निघता घरात परत गेलो, तेव्हा दिसलं — झोपायच्या खोलीतला माझ्या बायकोच्या, नीवेसच्या, आईचा फोटो जागेवर नाही. बाहेर बसची वेळ झालेली. विचारायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी विचारलं नाही.

चार-पाच दिवसांची सहल. तिच्याच माहेरगावी, व्हेनिसला. कल्पना तिची. म्हणाली, इतकी वर्षं आपण तिथे फक्त लग्नांना आणि मयतांना गेलो, एकदा पर्यटकांसारखे जाऊ, स्वस्तात. मला आवडली होती. क्रेमोनाहून गाड्या बदलत, घरचे पाव खात आलो. पादोवा आलं तेव्हा म्हटलं, परतताना इथे उतरून इनेसला भेटू या. इनेस तिची शाळेतली मैत्रीण. वसंतापासून नीवेस दर गुरुवारी तिच्याकडे जाते. नीवेस खिडकीबाहेर बघत म्हणाली, बघू.

नन्सच्या अतिथिगृहात उतरलोय. दोन लोखंडी पलंग, मध्ये टेबल, टेबलावर येशू. सिस्टर पिएरीनानं नियम सांगितले — दार साडेदहाला बंद, आणि गरम पाणी संपलं की संपलं.

नीवेसची बॅग मी पुलांवरून उचलून आणली. माझ्या बॅगेच्या दुप्पट जड. उघडली तर आत जाड हिवाळी कोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, शिवणाची कात्री. एवढ्याशा सहलीला कात्री कशाला, विचारलं.

"नोव्हेंबर आहे, एर्मेस," ती म्हणाली.

हे काय उत्तर झालं!

मला वाटतं ती माझ्याबरोबर परत येणार नाही. लिहून टाकलं. आता बरं वाटेल — नाही वाटत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चालून चालून गुडघा सुजलाय. या गावात कुणालाही रस्ता विचारा, उत्तर एकच: सरळ जा. समोर कालवा, उजवीकडे भिंत, डावीकडे कुणाचं तरी मागचं दार — तरी सरळ! तुमच्याकडे सरळ म्हणजे नक्की काय असतं, मी नीवेसला विचारलं. ती हसली. निघाल्यापासून पहिल्यांदा.

"सरळ म्हणजे फार विचारू नका. पाय चालू ठेवा, पोचाल."

दुपारी उभ्याउभ्याच एकेक 'सावली' घेतली. वाइनच्या छोट्या पेल्याला हे लोक सावली म्हणतात. सोबत पावाच्या तुकड्यावर सुक्या माशाचा मऊ लगदा. तेच जेवण. छान होतं, आणि खुर्चीत बसलो नाही म्हणून स्वस्त.

मग मोठा कालवा ओलांडायचा होता. पूल लांब, म्हणून पलीकडे सोडणाऱ्या गोंडोलात चढलो. मी काठ धरून बसलो. बाकी सगळे उभे. नीवेसही उभी, हात खिशात, बसथांब्यावर उभी असावी तशी. उतरताना भाडं नावाड्याच्या हातावर ठेवायचं. गावकऱ्यांना एक दर, बाहेरच्यांना त्याहून कितीतरी जास्त. नीवेसनं छोटी नाणी ठेवली, त्यानं बघितलंही नाही. मीही तेवढीच ठेवली.

"साहेब, तुमचं वेगळं," तो म्हणाला.

"आणि माझ्या बायकोचं?"

"तिचं गावातलं." मग तिच्याकडे वळून, अगदी सहज — "गेल्या गुरुवारी दिसली नाहीस ती?"

सर्दी झाली होती, ती म्हणाली.

खरं आहे. गेल्या गुरुवारी तिला सर्दी झाली होती आणि ती पादोवाला गेली नव्हती.

पलीकडे उतरल्यावर म्हटलं, ओळखतो वाटतं तुला. ती म्हणाली, मोमी ना, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि पुढे चालू लागली. सरळ.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सकाळी पाव आणायला गेली. उशिरा आली, पावाशिवाय. कोटाला कोबीचा आणि धुराचा वास. कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा.

बुधवार, संध्याकाळी

दुपारी परत निघाली. चर्चमध्ये जाऊन येते म्हणाली. मी मागोमाग गेलो. या वयात, गुडघा ओढत, भिंतीला चिकटून बायकोच्या मागे! दोन वळणांत ती दिसेनाशी झाली. एक माणूस कुत्रा घेऊन उभा होता, त्याला विचारलं — निळा कोट घातलेली बाई? सरळ गेली, म्हणाला. फिरून फिरून त्याच विहिरीपाशी आलो. तो तिथेच. त्यानं परत हात केला. तिसऱ्यांदा आलो तेव्हा कुत्र्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही फारच सरळ जाताय."

मग ती दिसली. अरुंद कालव्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावरच्या खिडकीत. कप्पी ओढून दोरीवरचे कपडे आत घेत होती. उशीचे अभ्रे. एक झगा. आणि बनियन — पुरुषाचे, लोकरीचे, जुन्या पद्धतीचे, चांगल्या मोठ्या मापाचे. एकेकाची घडी घालत होती, हनुवटीखाली धरून. माझ्या बनियनांची घालते तशीच.

मी परत आलो. रात्रीचं सूप प्यायलो. चर्चमध्ये गर्दी होती म्हणाली. मी म्हटलं, असणारच.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज गुरुवार. तिला लपवायला आज पादोवाचं निमित्तही नाही.

दुपारी एका पुलाच्या पायऱ्यांवर बसून पावाची पुडी सोडली. लगेच पालिकेचा एक तरुण पहारेकरी आला. पायऱ्यांवर बसून खायला बंदी आहे, उठा. नीवेस त्याला इथल्या बोलीत काहीतरी म्हणाली. तो ओशाळला. "अहो मावशी, तुम्ही तर इथल्याच," म्हणाला, "निदान तुम्ही तरी..." मग माझ्याकडे बोट केलं — हे तुमच्याबरोबर आहेत का?

ती पटकन हो म्हणाली नाही. क्षणभरच. पण मी ते मोजलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "नीवेस, सरळ सांग."

तिनं पाव कागदात परत गुंडाळला. नीट, चारी बाजूंनी. मग म्हणाली, मी पादोवाला कधी गेलेच नाही.

आमेलिया मावशी — तिच्या आईची धाकटी बहीण — वसंतात जिन्यावरून पडली. एकटी असते, खालचे-वरचे सगळे मजले पर्यटकांना भाड्यानं गेलेत, हाक मारायला माणूस नाही. म्हणून दर गुरुवारी. आता गुरुवार पुरत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू एखादा चांगला वृद्धाश्रम शोधला असतास. खरंच चांगला. बागेचा. पुलाच्या पलीकडे, मुख्य जमिनीवर. आणि माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नसतं."

मला राग आला, कारण मी मनात तेच शोधायला लागलो होतो.

ती राहणार आहे. किती दिवस, मी विचारलं. मावशी आहे तोवर. आणि नंतर? तिनं पावाचं पुडकं कोटाच्या खिशात घातलं. मी परत विचारलं. ती म्हणाली, चल, मावशी वाट बघतेय.

अंधारा, अरुंद जिना, धरायला काही नाही. वर म्हातारी खिडकीशी बसलेली. स्वेटरच्या गळ्यातून बनियन दिसत होता. माझी नजर तिथे गेली, तिनं ती पकडली.

"बेपीनोचे आहेत. नवरा गेला, लोकर चांगली राहिली." मग मला खालपासून वरपर्यंत बघून — "हाच ना तो जमिनीवरचा जावई? दर नाताळला नूगा पाठवतो."

मी म्हटलं, आमच्या क्रेमोनाचा नूगा प्रसिद्ध आहे, बदाम-मधाचा, कडक.

"असेल. मला दात नाहीत, हे तुला कुणी सांगितलं नाही?"

नीवेस हसली. घरभर धुराचा आणि कोबीचा वास — वाळवलेलं, धुरावलेलं मेंढीचं मटण. उद्याच्या सणाचं सूप, दोन-तीन दिवस शिजतं, वर्षातून एकदाच. ती काल ते ढवळायला आली होती. मी काय काय कल्पना केल्या होत्या, आणि ते मेंढीचं मटण निघालं. हायसं वाटायला हवं होतं.

पण चुलीच्या वर, नव्या खिळ्यावर, तिच्या आईचा फोटो होता.

परपुरुष असता तर भांडता आलं असतं. एका घराशी कसं भांडायचं?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आरोग्यमातेचा सण. या एका सणासाठी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन पलीकडच्या चर्चला जातं. मावशी पडल्यापासून खाली उतरलेली नाही. आज म्हणाली, मी जाणार. नीवेस नको म्हणत राहिली. शेवटी मोमी नावाडी आला, आपल्या भावाला घेऊन. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मावशीला बसवून त्यांनी तिला जिन्यावरून उतरवलं. मी पुढे, उलटा, एकेक पायरी मोठ्यानं सांगत. एका वळणाला माझा गुडघा दगा देणार होता. धरायला हात टाकला तर नुसती ओली भिंत.

"जावई पडला तर माझ्यावर नको पडू दे," वरून आवाज.

तिला बोटीतून नेलं. आम्ही दोघं पुलावरून, गर्दीत. नीवेसनं माझा हात धरला होता, पण गर्दीत सगळेच धरतात. चर्चमध्ये मेणबत्त्या घेणाऱ्याला उसंत नव्हती. लावायची, काट्यावर खोचायची, मागच्यांना जागा हवी म्हणून लगेच विझवून पेटीत टाकायची. माझी नुकती पेटली आणि गेली. मी बघतच राहिलो.

"तू काय मागितलंस?" मावशीनं विचारलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, गुडघा.

"गुडघा काय मागतोस? जिन्याला कठडा माग. सगळ्यांचे गुडघे वाचतील."

मी खरं काय मागितलं ते लिहीत नाही. नीवेसनं काय मागितलं ते तिनं सांगितलं नाही.

घरी येऊन सूप प्यायलो. इतकं चांगलं काही मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. तसं सांगितलं. नीवेस म्हणाली, क्रेमोनात हे मटण मिळत नाही. बस, एवढंच. 

अतिथिगृहात माझ्यासमोर तिनं बॅग भरली. कोट, बूट, कात्री. उद्या सकाळी तिची बॅग मावशीकडे, माझी स्टेशनवर. मी म्हटलं, तुला नवरा सोडायचा असेल तर तसं म्हण. ती म्हणाली, "मी गाव धरतेय, एर्मेस. तू सोडलं म्हणतोस." आणि दिवा बंद केला. दोन पलंग, मध्ये टेबल.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ती स्टेशनपर्यंत आली. मला वाटलं, राहा म्हणेल. तिला बहुतेक वाटलं, मी राहतो म्हणेन. दोघंही फलाटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. शेवटी म्हणाली, तिकीट वाया घालवू नकोस. मी चढलो.

शेजारच्या सीटवर माझी बॅग. मांतोव्हापासून धुकं. खिडकीत स्वतःशिवाय काही दिसेना.

सोमवार, २४ नोव्हेंबर

खिळा.

शनिवार, २९ नोव्हेंबर

तिचा फोन. मावशी बरी आहे, पाणी वर आलं होतं, बूट उपयोगी पडले. मी म्हटलं, इथे धुकं.  ती फोन ठेवणारच होती.

मी विचारलं, "जिना वळणापाशी किती रुंद आहे?"

  ती म्हणाली, थांब, मोजून सांगते. आणि फोन तसाच ठेवून गेली. मी पायऱ्यांवरची तिची पावलं ऐकत राहिलो.

मंगळवार, २ डिसेंबर

बीच झाडाचं लाकूड घेतलं. शेजारच्या गास्तोनेनं कठडा बघून विचारलं, तुमच्याकडे जिना कुठेय? म्हटलं, आहे एक. तो म्हणाला, अहो, तुम्ही तळमजल्यावर राहता. आज दिवसभर पॉलिश.

गुरुवार, ११ डिसेंबर

कठडा बसला. मावशी म्हणते वाकडा आहे. आहे. पण धरून उतरते. दोरीवर बेपीनोच्या बनियनांशेजारी आता माझे. 'नंतर'चं अजून कुणी काही बोललेलं नाही.

सकाळी ढकलगाडी घेऊन भाजी आणायला गेलो होतो. पुलाच्या पायथ्याशी एका जोडप्यानं मला थांबवलं. दोघांचं नुकतंच भांडण झालेलं, चेहऱ्यावरून कळत होतं. स्टेशन कुठे, विचारत होते. तिथून कसं जायचं, मलाही माहीत नव्हतं.

म्हटलं, सरळ जा.