अकरा पृथ्व्या सरळ केल्या त्याबद्दल

ती. मामांस,

वाकून नमस्कार. (सरळ उभं राहायचं परवापासून धाडसच होत नाही.) तुमची मान कशी आहे? अजून डावीकडे कललेली असेल तर राहू द्या, कुणाला सरळ करू देऊ नका. मामींनाही नमस्कार.

मामा, शाळेत सुतार म्हणून लागलो तो तुमचीच शिकवण घेऊन, की वाकडं दिसलं की हात शिवशिवले पाहिजेत. परवा मोठ्या बाईंनी भूगोलाचे अकरा पृथ्वीगोल स्टँडना पॉलिश करायला पाठवले. बघतो तर काय, अकराच्या अकरा एकाच बाजूला कललेले! (बनवणाऱ्याला लाज कशी नाही, म्हटलं.) ओळंबा लावला, दांड्या उपटल्या, जुनी भोकं बुजवून नवी पाडली आणि सगळ्या पृथ्व्या ताठ उभ्या केल्या. शाबासकीच्या आशेने त्याच दिवशी पोचवल्याही.

भूगोलाच्या बाई किंचाळल्याच. "अहो, तुम्ही ऋतू घालवलेत!" मी ऋतूंना बोटही लावलं नव्हतं, हे शपथेवर सांगायला तयार होतो. पण बाईंनी टेबलावर दिवा ठेवला, एक गोल साडेतेवीस अंशांत तिरका धरला आणि दिव्याभोवती फिरल्या. कल तोच, दिशा तीच, तरी एका टोकाला आपली बाजू दिव्याकडे झुकलेली, तो उन्हाळा. समोरच्या टोकाला तीच बाजू दिव्यापासून दूर कललेली, तो हिवाळा. मग माझा ताठ गोल फिरवला. बारा महिने सगळं एकसारखं! मी म्हटलं, उन्हाळा सूर्य जवळ आल्यामुळे होतो ना? तर म्हणे, ऐन थंडीतच आपण त्याच्या सगळ्यात जवळ असतो. मामा, चाळीस वर्षं शेगडीला चिकटून कुडकुडतोय आणि कुणी बोललं नाही!

सोमवारी तपासणी आहे. तोवर गोल पहिल्यासारखे झाले नाहीत तर कायम व्हायची राहिलेली माझी नोकरी गेलीच म्हणून समजा. बाईंनी कोनमापक दिलाय, पण माझा हात मेला साडेतेवीसवर थांबतच नाही, आपोआप ताठ होतो.

तुमचा (सध्या सगळ्यांपुढे नमतं घेणारा)
भाचा

ता. क. तुमच्या वाढदिवसाला मी दिलेला पृथ्वीगोल वाकडा आहे म्हणून दोन वर्षं माझ्या नावाने खडे फोडताय ना? आळसामुळे माझ्या हातून वाचलेली ती एकच पृथ्वी. माप घ्यायला ताबडतोब पाठवा.

आणखी एक ता. क. आत्ताच मामींचा फोन आला. तुम्ही कंटाळून तो स्वतःच सरळ केलात म्हणे. मामा! आता गोल राहू द्या, पहिल्या गाडीने तुम्हीच या. तुमच्या मानेचंच माप घेतो.