शुक्रवारची भिवंडी

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता तू नाहीस, तेव्हा तीही अडचण राहिली नाही. गेल्या आठवड्यात नातू नाचत घरी आला. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये त्याची निवड झाली होती. त्यानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कुणाकडून खेळायचात?" मी म्हटलं, "भिवंडीकडून." त्यानं लगेच मोबाइलवर शोधलं. ठाणं सापडलं, मुंबई सापडली, भिवंडीची टीम काही सापडेना. म्हातारा थापा मारतोय असं तोंड करून तो निघून गेला. मला हसू आलं, आणि खरं म्हणजे थोडं लागलंही.

त्याला कुठून सुरुवात करून सांगायचं? आधी बिशी सांगावी लागेल. लूमवर काम करणाऱ्यांची खानावळ, तिला आपल्या भिवंडीत बिशी म्हणतात, हे नाशकात वाढलेल्या पोराला काय माहीत. एका बिशीत एकाच मुलखाची माणसं जेवणार असा गावचा रिवाज होता. तू तो मोडलास असं तरी कसं म्हणू, तुझ्या तो लक्षातच राहिला नाही. आजीकडून बिशी तुझ्या हातात आली आणि पंगतीत आझमगढचे, तेलुगू बोलणारे, जवळच्या वडपे गावचे, खाडीकाठच्या मुसलमान घरांतले असे सगळेच मांडीला मांडी लावून बसायला लागले. मटण तू करायचीच नाहीस, म्हणजे हलाल की झटका असं कुणी विचारायला नको आणि कुणाला काही सांगायला नको. बोंबलाचं कालवण, भात, कांदा. ज्याला बोंबील चालत नाही त्याला डाळ. मी स्वतः दोन घरं पलीकडच्या कारखान्यात लूम चालवायचो, पण तुझ्या पंगतीत मला कधी वाटीभरसुद्धा जास्त मिळालं नाही.

शुक्रवारी लूम बंद. आठवडाभर खटखट ऐकलेल्या कानांना ती शांतता सोसायची नाही, मग बिशीतच पत्ते निघायचे आणि संध्याकाळपर्यंत एकदोघांची कॉलर धरून व्हायची. एका शुक्रवारी तू सगळे पत्ते गोळा केलेस आणि चुलीत घातलेस. "जुगार खेलाचा तं दुसरीकडं जेवा," एवढंच म्हणालीस. पुढच्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर तू आमच्यासमोर एक फुटबॉल ठेवलास. ठाण्याला गेली होतीस, आणायचा होता व्हॉलीबॉल, दुकानात फुटबॉलच शिल्लक होता. आमच्या सगळ्या पराक्रमाचं मूळ हे असं आहे.

अंजूरच्या वाटेवर भात कापून झालेल्या शेतात आम्ही खेळायला लागलो. नमाज पढून मंडळी परत आली की जेवण, जेवण झालं की खेळ. हळूहळू दुसऱ्या बिशींतली पोरंही यायला लागली आणि तू नियम घातलास, खेळायचं तर शुक्रवारी इथं जेवायचं. लूमखात्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, सगळं हातानं सांगायची सवय. आम्ही मैदानातही तसेच. भुवई उडवली की चेंडू डावीकडं, दोन बोटं वर केली की मागं ये. समोरचे ओरडून ओरडून दमायचे आणि आमच्याकडं चिडीचूप. लोक आम्हाला 'भिवंडी' म्हणायला लागले. आम्ही कुठंच नोंदवलेले नव्हतो. जिल्ह्याचे सामने रविवारी, आणि रविवारी आमचे लूम चालू. शुक्रवारी जो येईल त्याच्याशी आम्ही खेळायचो.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीत बिशी बंद राहिली. पुन्हा उघडली त्या शुक्रवारी किती जण येतील कुणालाच ठाऊक नव्हतं. तू नेहमीइतकीच ताटं मांडलीस आणि दारात उभी राहिलीस. बरीच ताटं रिकामी राहिली. मग गल्लीच्या टोकाला आमचा डावा विंगवाला दिसला, खाडीकाठच्या मुसलमान घरातला. भिंतीच्या कडेकडेनं येत होता. मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, "उशीर केलास, कालवन गार झालं." त्याच्या ताटात भात वाढलास आणि कालवण पुन्हा चुलीवर चढवलंस. आई, तुझ्याइतकं धीराचं माणूस मी नंतरही पाहिलं नाही.

आणि मालेगाव! त्यांनाही सुट्टी शुक्रवारचीच, म्हणून मोठ्या हौसेनं त्यांना बोलावलं. आमच्या शेठनं डागी निघालेला कोऱ्या कापडाचा तागा दिला होता, त्याचे तू सदरे शिवलेस. तिकडच्या शेठलाही नेमकी तीच बुद्धी सुचली. दोन्ही टीमा लूमवरून उतरलेल्या बिनरंगाच्या कापडात समोरासमोर उभ्या! आमचा आझमगढचा हाफबॅक पाच मिनिटांत कमरेवर हात ठेवून थांबला. "मौसी से पूछो, पास किसको दूँ? सब अपने ही लग रहे हैं." आम्ही धावत बिशीत आलो. तू भाताचं मोठं पातेलं चुलीवर चढवलंस, हळदीचा डबा त्यात उपडा केलास आणि अकरा सदरे बुडवलेस. कापडाची खळ अजून निघाली नव्हती, रंग कुठं चढला, कुठं नाही. ते ओले, चिकट, गरम सदरे अंगात घालून आम्ही अकरा नवरदेव मैदानात गेलो आणि जिंकलो. दुसऱ्या दिवशी धुताना साबण लागला आणि हळद लाल झाली. तुला हे आधीच ठाऊक असणार, तरी तू म्हणालीस, "बरं हाय, दोन रंगांचं झालं."

त्यानंतर दोनेक वर्षांनी जिल्ह्याच्या फुटबॉलमधले एक साहेब आमचा खेळ बघायला आले. हा दिवस मी हजारदा आठवला असेल. मी तेव्हा कॅप्टन होतो आणि मला ते पाहिजे होतं, आई. कागदावर भिवंडी असं नाव पाहिजे होतं, आपला निकाल पेपरात पाहिजे होता. बिनआवाजाचा तो खेळ साहेबांना फार आवडला. तू त्यांना पंगतीत बसवलंस. "तुमचा रंग कोणता?" त्यांनी विचारलं. विंगवाला म्हणाला, "धुवायच्या आधी पिवला, धुतल्यावर लाल." साहेब खळखळून हसले. मग म्हणाले, टीम जिल्ह्याच्या सामन्यांत घेतो, रविवारचंही काहीतरी जमवू, पण खेळाडू इथलेच पाहिजेत, रेशनकार्डावर नाव असलेले. जेवणारे हात थांबले. अकरांतले सात जण ताटात बघायला लागले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू भाताचं पातेलं घेऊन मध्ये आलीस.

"हितं जेवतो तो भिवंडीचा," तू म्हणालीस. "मना दुसरा कागद ठाव न्हाय."

"बाई, तसा नियम आहे," साहेब म्हणाले.

"नियम माझा पन हाय." तू त्यांच्या ताटात आणखी भात वाढलास. "आता तुमी बी जेवलाव. येत्या शुक्रवारी खेलाला या."

सगळी बिशी हसली, साहेबही हसले, आणि पोटभर जेवून गेले ते गेलेच. मी तुझ्याशी कडाडून भांडलो. रेशनकार्डवाले आम्ही चौघं आहोत, बाकीची पोरं गावातून गोळा केली असती, नाव तरी झालं असतं, असं म्हणालो. तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुझा बाप घाटावरून आला तवा त्याला कुनी कारड मागितलं काय रं? माझ्या आयशीच्या पंगतीत बसला नि हितलाच झाला. नायतं तू कुठला असतास?" मी पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. अकराच्या अकरा जण मात्र पुढच्या शुक्रवारी खेळायला हजर होते, आणि तुझी बिशी बंद होईपर्यंत, म्हणजे नव्वद साल उलटून गेल्यावरही, होते. आज वाटतं, साहेबांना मी हो म्हटलं असतं तर आमचं नाव झालं असतं आणि त्याच दिवशी भिवंडी संपली असती.

नातवाला यातलं थोडं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुम्ही भिवंडीचे की नाशिकचे?" पोरगा तुझ्यावर गेलाय, नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवतो. तुझ्या नियमानं मी केव्हाच बाद झालोय. इतकी वर्षं नाशकातच जेवतोय. काल शुक्रवार होता. एसटीनं भिवंडीला गेलो. अंजूरच्या वाटेवर आपल्या मैदानाच्या जागी गोदामं आहेत, बिशीच्या जागी चार मजली इमारत. मागच्या गल्लीत एक बिशी अजून चालू दिसली. आत गेलो. वाढणाऱ्या पोरानं विचारलं, "कहाँ के हो, चाचा?" मी म्हटलं, "यहीं का." त्यानं दुसरं काही न विचारता ताट मांडलं. बोंबील नव्हते, डाळभात होता. मी सगळं संपवलं, वर पुन्हा भात मागून घेतला.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा इथंच घडी करून ठेवतो. एक मात्र तुला सांगितलं पाहिजे. मला भूक अजिबात नव्हती, आई. सकाळी मी घरून पोटभर जेवून निघालो होतो.