जाड्या ड्यूकचं दार

३ मार्च, सोमवार

तर परत तेच. विचारलं की राग, नाही विचारलं तर मी परका. दादा म्हणतो चाळीस हजार जास्तीचे पाठव. कशाला? "घरातलं काम आहे." कसलं काम? "आहे जयेश. शिमग्याची पालखी दारी यायच्या आत उरकायचंय." आणि फोन आईकडे. हे नेहमीचं. अडचणीचा प्रश्न आला की फोन आईकडे.

आई म्हणे जेवलास का. ती हल्ली सारखी खाटेवरच दिसते. दादा फोन इतका जवळ धरतो की कपाळ आणि चष्मा एवढंच. पूर्वी बोलता बोलता स्वयंपाकघरात जायची, काय शिजतंय ते दाखवायची. आता घरातलं काहीच दाखवत नाहीत.

नाही पाठवणार. आधी कळू दे.

७ मार्च, शुक्रवार

हॉटेलात नवं खूळ. हॉलंडातल्या या झुटफेनला लोक जुनी गल्लीबोळं बघायला येतात, म्हणून आमचे मालक जयप्रकाशशेठ यांनी मेनूत 'जाड्या ड्यूकची थाळी' घातली. तीन वाट्या, दोन नान, भाताचा डोंगर. मी विचारलं, हा ड्यूक कोण? शेठ म्हणाले, "मला काय माहीत! ऋतानं सुचवलं. तू भात वाढव."

ऋता शुक्रवार ते रविवार टेबलं बघते, बाकी दिवस एनस्खेडेला कॉलेज. गिऱ्हाइकांना गोष्ट सांगून थाळी खपवते. मलाही सांगितली. गेल्रे नावाचं राज्य होतं. आता थोडं इकडे, थोडं जर्मनीत. ज्या गावावरून नाव पडलं ते गावच सरहद्दीपलीकडे राहिलं. साडेसहाशे वर्षांपूर्वी तिथे दोन भाऊ, रायनाल्ड आणि एडवर्ड. गादीवरून भांडले. सगळा मुलूख दोन गटांत फुटला. शेवटी एडवर्डनं रायनाल्डला बुरुजात टाकलं. दहा वर्षं.

म्हटलं, म्हणजे भाऊबंदकी इथेही आहे.

"आहे की. फक्त सातबारा नव्हता."

हसलो. मग भात उपसताना वाटलं, हिला सातबाराच कसा सुचला? शेठनी माझ्या घरचं सांगितलं की काय?

९ मार्च, रविवार

अभिजितचा मेसेज. चुलतभाऊ, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. "तुझ्या खोलीच्या भिंतीला राजनदादानं भगदाड पाडलंय. अंगणाकडे दार काढतोय. तुला माहीत आहे ना?"

मला काय माहीत असणार.

बाबा गेल्यावर तोंडी ठरलं होतं. पुढची खोली दादाची, अंगणाकडची माझी. कागद नाही, काही नाही. आणि आमच्याकडे दुसरं दार कधी काढतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. दार वेगळं म्हणजे चूल वेगळी. बाबांनी आणि अभिजितच्या बाबांनी असंच केलं. आधी दार, मग मधे चिऱ्यांची भिंत, मग बोलणं बंद.

दादाला फोन लावला. दार कसलं? म्हणाला, "अभ्यानं सांगितलं वाटतं." कुणी सांगितलं ते सोड. "शिमगा होऊ दे जयेश, मग बोलू." मागून आईचा आवाज – त्याला काही बोलू नको हं.

ऐकलं मी. म्हणजे आईपण त्याच्याच बाजूनं.

अभिजित म्हणतो ग्रामपंचायतीत हरकतीचा अर्ज देऊन ठेव, मी पोचवतो.

१० मार्च, सोमवार

हॉटेल बंद. ऋता म्हणाली, चल, तुझ्या ड्यूकचा बुरूज दाखवते. आयसेल नदीच्या बांधावरून सायकल. तासभर वारा तोंडावर. बुरूज म्हणजे नदीकाठी विटांचा एक उभा ठोकळा, आजूबाजूला नुसतं गवत. नायनबेक नाव. आत सोडत नाहीत, बांधावरून बघायचा.

ती म्हणाली, खरं-खोटं माहीत नाही, पण सांगतात की त्याच्या खोलीला कुलूपच नव्हतं. दार अरुंद आणि हा जाडा. रोज चांगलंचुंगलं खायला पाठवायचे. दारातून मावलास की सुटलास. तो खात राहिला.

"दहा वर्षं? एक गवंडी नव्हता?"

ती सायकल धरून हसत सुटली. हसण्यासारखं काय त्यात? दोन दिवसांचं काम.

"मग तो भाऊ लढाईत मेला, तेव्हा हा बाहेर आला. आणि काही महिन्यांत हाही गेला."

म्हटलं, आमचा दादा म्हणजे तो एडवर्डच. थोरले असेच.

"अरे, थोरला आत होता. कोंडणारा धाकटा."

परत येताना मी सायकल पुढेच दामटली. काय सुचवायचंय हिला?

११ मार्च

अर्ज लिहिला. तीन कागद फाडले. मी नववी नापास, 'संमती' लिहायला अभिजितला विचारावं लागलं. माझ्या हिश्श्याच्या खोलीत माझ्या संमतीशिवाय वगैरे. सही केली, फोटो काढला, पाठवला. मोकळं वाटेल वाटलं होतं. नाही वाटलं.

१५ मार्च, शनिवार

अर्ज पोचला. दादाचा फोन नाही. शिवीसुद्धा नाही. भांडणारा माणूस गप्प बसला की समजावं. अकरा थाळ्या गेल्या, दोन परत आल्या, भात खारट म्हणून.

१८ मार्च, मंगळवार

आज पालखी आमच्या वाडीत. अभिजितनं व्हिडिओ पाठवला, पुरावा म्हणून. "बघ केवढं दार केलंय."

खरंच केवढं. दोन माणसं शेजारी शेजारी जातील. आणि उंबरा नाही. दार काढलं आणि उंबरा बसवला नाही, असं घर पाहिलं नाही मी. त्या जागी सिमेंटचा उतार, अजून ओलसर.

ढोल वाजतायत. पालखी अंगणात आली. दारातून दादा बाहेर आला, वाकून काहीतरी ढकलत. चाकाची खुर्ची. खुर्चीत आई. मांडीवर ओटीचं ताट.

पाच वेळा बघितला. मग फोन.

"जानेवारीत पडली," दादा म्हणाला. "खुब्यात रॉड घातलाय. पुढच्या दाराला पायऱ्या, त्यात खुर्ची मावत नाही. म्हणाली, पालखी अंगणात आणि मी खाटेवरून हात जोडायचे का."

मला का नाही सांगितलं?

"बाबांच्या वेळी पुण्याची नोकरी टाकून पळत आलास. आताही तेच करशील म्हणून तिनं शपथ घातली होती."

मग म्हणाला, "तुझा अर्ज मिळाला. अक्षर सुधारलंय."

१९ मार्च

अर्ज मागे घेतला. दाराचे चाळीस हजार, पालखीच्या ताटात माझे राहिलेले एकशे एक. दादाला पाठवतोय, चाळीस हजार एकशे एक रुपये.